अण्णांचा तटस्थ चेहरा

आमचे वडील हसत नाहीत, ही शेवगाव तालुक्यात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट होती. अण्णा हायस्कुलात गणित शिकवायचे, पुढे मुख्याध्यापक झाले आणि तसेच, न हसता, निवृत्त झाले. लग्नाच्या फोटोतसुद्धा आईच्या शेजारी ते असे उभे आहेत की परीक्षेच्या हॉलवर देखरेखीला आल्यासारखे वाटतात.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी एका सकाळी चूळ भरताना पाणी त्यांच्या ओठाच्या कडेनं सांडायला लागलं. तोंडावरून वारं गेलं होतं. नगरला उपचार झाले, बोलणं सुधारलं, डोळा मिटायला लागला. फक्त डाव्या बाजूचा ओठांचा कोपरा जरासा वर ओढला गेला, तो तसाच राहिला. डॉक्टर म्हणाले, एवढं राहणारच, त्यानं काही बिघडत नाही.

डॉक्टरांना आमच्याकडचे दहावे माहीत नसावेत. आमच्याकडं दहाव्याला नदीकाठी माणसं जमतात आणि गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलायला गावातली मोठी माणसं उभी राहतात. अण्णांना या कामासाठी फार मागणी. आवाज खणखणीत, भाषा शुद्ध, गेलेल्याचे गुण ते मुद्देसूद सांगायचे. आता ते सांगताना त्यांच्या तोंडावर एक बारीक, खट्याळ हसू असायचं. एकदा एका दहाव्यानंतर मृताच्या मेहुण्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "सरांचं आन् आमच्या दाजींचं काही वाकडं हुतं का हो?"

अण्णांना यातलं काही माहीत नव्हतं. दाढी करताना माणूस आरशात गाल बघतो, भाव बघत नाही. आणि त्यांना सांगायची आमच्यापैकी कोणाची हिंमत नव्हती.

अशात माझ्या बहिणीचा फोन आला. ती लग्नानंतर युरोपात असते. तिला दिवस गेले होते आणि आई-अण्णांनी दोघांनी तीन महिने तिच्याकडं यावं, असं तिचं म्हणणं होतं. आईनं लगेच मेथीचे, डिंकाचे लाडू किती न्यायचे याचा हिशेब सुरू केला. अण्णा म्हणाले, "आधी व्हिसा." बहिणीनं व्हिसाच्या फोटोचे नियम मला पाठवले. मी नगरजवळ भिंगारला राहतो, तिथल्या लष्करी कॅम्पातल्या एका कचेरीत कारकून आहे, त्यामुळं घरातला कागदपत्रांचा माणूस मीच.

नियम वाचून मला त्या देशाबद्दल आदर वाटला. पाठीमागचा पडदा पांढरा हवा. चष्म्यावर चमक नको. दोन्ही कान दिसले तर उत्तम. चेहऱ्यावर सावली नको. तोंड बंद हवं, दात दिसता कामा नयेत आणि चेहऱ्यावरचे भाव तटस्थ हवेत. म्हणजे आमच्या घरातला एक माणूस जन्मभर ज्याची तालीम करत आला, नेमकं तेच त्यांना हवं होतं. आजारापूर्वी हा फोटो एका झटक्यात झाला असता.

पहिला फोटो अण्णांनी शेवगावातच काढून घेतला. तिथला स्टुडिओवाला लग्नं, वाढदिवसाचे फ्लेक्स आणि श्रद्धांजलीचे बोर्ड अशी तिन्ही कामं करतो. त्यानं आपल्या सरांसाठी जीव ओतला. चेहरा दोन छटा गोरा केला, गालावरचा तीळ काढून टाकला आणि सर परदेशी निघालेत म्हणून सदऱ्याच्या जागी संगणकावरूनच निळा कोट आणि टाय चढवला. अण्णा तो फोटो बराच वेळ बघत राहिले.

"हा कोण?" त्यांनी विचारलं.

दुसरा फोटो त्याच स्टुडिओत, पण बिनकोटाचा आणि तिळासकट काढला. तो मी ऑनलाइन अर्जाला जोडला. संगणकानं तो परत पाठवला आणि खाली एक ओळ दाखवली. तिचा अर्थ असा होता की अर्जदार हसत आहे, कृपया तटस्थ भाव असलेला फोटो जोडावा.

ही ओळ अण्णांना वाचून दाखवायची वेळ माझ्यावर आली. ते खुर्चीत ताठ बसले होते.

"कोण हसतंय?" ते म्हणाले.

"तुम्ही, अण्णा."

"मी?"

"म्हणजे त्या कॉम्प्युटरला तसं वाटतंय."

ते उठले आणि बेसिनवरच्या आरशासमोर जाऊन उभे राहिले. परत आले तेव्हा एवढंच म्हणाले, "इतके दिवस कोणी बोललं नाही." मला वाटलं, दहाव्यांची आठवण त्यांना त्या आरशातच झाली असावी. त्यानंतर एका दहाव्याचं बोलावणं आलं, तेव्हा त्यांनी घसा बसल्याचं कारण सांगितलं.

शेवटी मी दोघांना भिंगारला बोलावून घेतलं. आमच्या जुन्या बाजारात एका बाईंचा स्टुडिओ आहे. कॅम्पात भरतीला येणारी मुलं, बदलीवर जाणारे जवान, त्यांची बायका-पोरं, सगळ्यांचे ओळखपत्राचे फोटो त्याच काढतात. त्यांच्याकडं पांढरा पडदा आहे, दोन मोठे दिवे आहेत आणि कोणालाही दटावायचा अधिकार आहे.

अण्णा स्टुलावर बसले. आई भिंतीलगतच्या बाकावर बसली. बाईंनी कॅमेऱ्यातून पाहिलं.

"बाबा, हसू नका."

"मी हसत नाहीये," अण्णा म्हणाले.

"थोडंसं हसताय. ओठ सैल सोडा."

"सैलच आहेत."

"बाबा, जरा सीरियस व्हा ना."

मुख्याध्यापकाला असं कोणी सांगितलं नव्हतं. अण्णा कडाडले, "अहो बाई, मी जन्मात कधी हसलेलो नाही!" आणि त्या क्षणी बाई ओरडल्या, "असंच! असंच राहा!" पण तोपर्यंत अण्णांचं तोंड पुन्हा जागेवर, म्हणजे हसण्यावर, आलं होतं.

बाईंनी टिपलेला फोटो मला पडद्यावर दाखवला. तोंड उघडं होतं, दात दिसत होते, फोटो कामाचा नव्हता. पण वर गेलेला कोपरा खरोखर खाली आला होता. चेहरा सरळ झाला होता. "यांना राग आला की तोंड बरोबर होतं," त्या मला हळूच म्हणाल्या. "तुम्ही काहीतरी बोला, चिडतील असं. फक्त उलट बोलायला लावू नका. तोंड बंद पाहिजे."

वडिलांना चिडवायचं, तेही सरकारी कामासाठी, अशी वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं. मी अशुद्ध बोलून पाहिलं. "अण्णा, काल मी दूध पिलो." त्यांनी तत्काळ तोंड उघडलं, "प्यायलो." बाईंनी मान हलवली. मी सोसायटीच्या निवडणुकीचा विषय काढला. त्यात ते थोडक्या मतांनी पडले होते. त्यावर ते पॅनेलमधल्या प्रत्येकानं कुठं घात केला ते सांगू लागले. तोंड बंद होईना.

तेव्हा बाकावरून आई बोलली. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीला मीठ कमी आहे म्हणावं तसा.

"तुमचं गणित पोरांना कधी कळलंच न्हाई."

अण्णांनी मान वळवली. "इकडं बघा, कॅमेऱ्याकडं," बाई म्हणाल्या. त्यांनी पुन्हा समोर पाहिलं.

"भिऊन माना डोलवायची पोरं," आई म्हणाली. "पाठ फिरली की माझ्याकडं यायची, पाठीमागच्या दारानं. म्हनायची, काकू, सरांनी काय सांगितलं ते पुन्हा सांगा. मी चुलीम्होरं बसून सांगायची. तुमाला वाटायचं, शाळेचा निकाल तुमच्यामुळं लागतो."

मला हे माहीत होतं. पाठीमागच्या दारातल्या त्या चपला मी पाहिल्या होत्या. पण पुढचं मला माहीत नव्हतं.

"मला डी.एड.ला नंबर लागला हुता. अकोल्याच्या माहेरावरनं एकटी एसटीनं नगरला गेल्ते, मुलाखतीला. तवा एकटी पोरगी कोन जात हुतं? लगीन ठरल्यावर बापानं तुमाला इचारलं, पोरीनं शिकलं तर चालंल का? तुमी म्हन्ले, घरात एक मास्तर बास."

दिव्यांचा बारीक आवाज येत होता. अण्णा समोर बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसू तर नव्हतंच. काहीच नव्हतं. मिटलेले ओठ सरळ रेषेत होते. बाईंनी फोटो काढला. मग आणखी एक काढला.

"परफेक्ट," त्या म्हणाल्या. "झालं, बाबा. उठा."

अण्णा उठले नाहीत. आईही थांबली नव्हती. "बास म्हनायला मास्तर काय कनगीतले दाने हुते का?" ती म्हणाली. मग तिनंच पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "उठा आता. माझा फोटू राह्यलाय."

आई स्टुलावर बसली. तिच्या डोक्यावर पदर होता आणि दोन्ही कान झाकलेले होते. मी मोबाईलवर नियम काढून वाचला. डोकं झाकायचं तर ते धार्मिक कारणासाठीच असलं पाहिजे, असं लिहिलं होतं.

"आई, हा पदर धर्मासाठी आहे का?" मी विचारलं.

तिनं विचार केला. "सासूसाठी हुता," ती म्हणाली. "ती जाऊन लई वर्सं झाली." आणि तिनं पदर खांद्यावर घेतला. तिचे केस एवढे पांढरे झालेत, हे मी त्या दोन दिव्यांच्या उजेडात पहिल्यांदा नीट पाहिलं.

आता अडचण उलटी झाली. आईला हसू आवरेना. बाई म्हणायच्या, "आई, तोंड मिटा," की ती मिटायची, आणि कॅमेरा उचलला की पुन्हा दात दिसायचे. मनात साठलेलं बोलून टाकलेल्या माणसाला तटस्थ राहा म्हणणं अवघडच. आम्ही तिला पाणी पाजलं, जरा वेळ बाहेर उभं केलं. अण्णा बाकावर बसून हे सगळं बघत होते. एरवी त्यांनी एव्हाना दटावलं असतं. त्या दिवशी दुरून बघणाऱ्याला वाटलं असतं की म्हातारा बायकोकडं बघून कौतुकानं हसतोय. आईचा फोटो निघायला अण्णांच्या दुप्पट वेळ लागला.

रात्री जेवताना अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, "घरात एक मास्तर बास, असं मी म्हणालो होतो?"

"व्हय," आई म्हणाली.

"मला आठवत नाही."

"मला आठवतंय की."

त्यांनी तुकडा आमटीत बुडवला, पण खाल्ला नाही. माझ्या बायकोनं आणखी आमटी वाढायला पळी उचलली. अण्णांनी हातानं नको म्हटलं. थोड्या वेळानं ते म्हणाले, "तुझ्याकडं कोण कोण यायचं?" आईनं नावं सांगायला सुरुवात केली. त्यात एक इंजिनियर झालेला होता, एक कारखान्याचा संचालक होता, आणि दरवर्षी गुरुपौर्णिमेला अण्णांच्या पाया पडायला न चुकता येणारा एकजण होता. "तोसुद्धा?" अण्णा म्हणाले. "त्यो तर रोज," आई म्हणाली.

फोटो मान्य झाले. पुण्याला जाऊन बोटांचे ठसे देऊन आलो, आणि काही दिवसांनी व्हिसा लागलेले पासपोर्ट आले. इतक्या खटाटोपानं मिळवलेला तो चेहरा व्हिसावर इतका लहान आणि करडा छापला होता की तिथं अण्णांऐवजी गावातला कोणताही म्हातारा चालला असता. आईनं चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "हेच्यासाठी मी एवढं बोलले व्हय?"

ते दोघं गेले. बहिणीला मुलगी झाली. लाडू विमानतळावर कोणी अडवले नाहीत. तिकडं अण्णांना एक वेगळाच अनुभव आला. ते रोज सकाळी फिरायला जायचे आणि समोरून येणारा प्रत्येक माणूस त्यांच्याकडं बघून हसायचा, मान लववायचा. मला फोनवर ते म्हणाले, "इथले लोक फार माणुसकीचे आहेत. ओळख ना पाळख, आणि आधी आपणहून हसतात." मी म्हणालो, "हो, अण्णा."

आईला बहिणीनं जवळच्या वाचनालयात भाषेच्या वर्गाला घातलं. नव्यानं आलेल्या लोकांसाठी तिथं फुकट शिकवतात. अण्णा तिला तिथंपर्यंत सोडायला जायचे आणि वर्ग सुटेपर्यंत बाहेर बसायचे. मला फार बरं वाटलं. राहून गेलेलं काहीतरी आईला मिळतंय, असं मी बायकोला जरा गहिवरून सांगितलंही.

पंधरवड्यात आईनं वर्ग सोडला. मी फोन करून कारण विचारलं.

"ती बाई फळ्याकडं तोंड करून शिकवती," आई म्हणाली. "पोरांकडं बगतच न्हाई. अशानं कुनाला काय कळनार?"

मग कोणीतरी तिला हाक मारली, बाळ उठलं होतं, आणि तिनं फोन अण्णांच्या हातात दिला.