आबांच्या हातचे दाणे

मंडळी, आत्ताच एरंडोलजवळच्या आमच्या शेतातून धुळ्याला परतले. चपलांना अजून माती आहे, पण आधी हे लिहिते.

कपाशीवर बोंडअळी पडलीय. भावाने आज शेतात पक्षीथांबे रोवले, म्हणजे आडवी काठी बांधलेले बांबू. पक्षी त्यावर बसतात आणि अळ्या वेचून खातात. आमचे वडील, आबा, सकाळपासून बांधावर बसून बघत होते. दुपार झाली तरी एक पाखरू फिरकलं नाही.

"बठ्ठा पाखरे मीच मारात," आबा म्हणाले. "आते कोन बसी आठे?"

सगळी पाखरं आबांनीच मारली, हे ऐकून भाऊ हसला. त्याला काय माहीत! तो तेव्हा पाळण्यात होता, मी पाचवीत. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल असेल. ज्वारी दाण्यात आली की सगळा गाव गोफण घेऊन राखण करायचा. आबांनी मात्र त्या वर्षी कपाशीवर फवारायच्या औषधात दाणे भिजवून बांधावर टाकले. मेलेल्या चिमण्या-साळुंक्या मी आणि आईने घमेल्यात गोळा केल्या. ज्वारी झकास आली. आम्ही खूश होतो, हेच आज जास्त टोचतं. मग अळी वाढली, फवारे वाढले आणि पाखरं संपली.

मी निघाले तेव्हा आबा थांब्याखाली भात टाकत होते. लांब तारेवर एकच साळुंकी बसली होती. आबा तिला विनवत होते, "खाय वं माय, यामा काही नही टाकेल."

ती आली नाही. तुम्हीच सांगा, तिने का यावं?