मुलतानी मातीचं हडप्पा

मुलतानी माती भिजवली की त्या वासासरशी मला दोहातल्या अल सद्दमधली आमच्या खालच्या मजल्यावरची पुण्याची बाई आठवते. बिल्डिंगमधल्या सगळ्या मराठी बायकांना ती वहिनी म्हणायची, रत्नागिरीच्या मुसलमान मला तेवढी भाभी. आमच्या दोघींच्या मुलींना शाळेनं एकत्र प्रोजेक्ट दिलं होतं, प्राचीन भारत आणि चीन. दोहात सगळी वाळूच, म्हणून हडप्पाच्या विटांसाठी मी मुलतानी माती भिजवायला घेतली, तर तिनं वाडगं सरळ माझ्या पुढ्यातून ओढलं. "भारताचं आम्ही करतो, भाभी. तुम्ही चायना करा. आपली संस्कृती आहे, चुकायला नको." एसी घरघरत होता, तिच्यासाठी केलेल्या चहावर साय धरली होती. मी थर्माकोलची चिनी भिंत कापू लागले. बऱ्याच वेळानं, कोपरापर्यंत माखलेली ती म्हणाली, "माती छान आहे हो, कुठली?" मी म्हटलं, "पाकिस्तानची. तुमचं हडप्पाही तिकडंच आहे." ती उठली आणि माझ्या बेसिनवर साबण लावलावून हात धूत राहिली. परवा तिच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. खाली पेननं लिहिलंय, "भाभी, नक्की यायचं." मी जाणार नाही.