सासुरवाडीला घातलेला वळसा

आम्ही तिघं दर रविवारी सायकल चालवतो. एक दातांचे डॉक्टर, एक कापडदुकानवाले शेठ आणि मी. डॉक्टरांना समुद्राचं वेड. मोबाइलवर कोकणातल्या सायकलवाल्यांचे व्हिडिओ बघतात आणि सकाळी सेलूच्या चौकात हळहळत उभे राहतात. एका हाताला लाटा, एका हाताला माड, मधून वळत जाणारा डांबरी रस्ता. असलं काही आपल्या नशिबात नाही म्हणतात.

"आपली दुधना नदी हाय की," शेठ म्हणतात. "मीठ टाकून घ्या."

रस्ता ठरवायचं काम माझ्याकडं. कालव्यांवर हिंडण्यात माझी निम्मी नोकरी गेली, त्यामुळं कुठला रस्ता कुठं फुटतो हे डोक्यात बसलेलं आहे. वेळ कमी असला की देवगाव फाटा. जाताना वारा तोंडावर आणि ट्रकांचा धूर, पण फाट्यावर भज्यांचा पहिला घाणा आमच्यासाठीच काढल्यासारखा तयार असतो, आणि येताना पाठीवर वारा घेऊन सायकल आपली आपण पळते. अंगात रग असली की लांब पेडगावपर्यंत. थंडीत त्या बाजूला दोन्हीकडं वेचून उरलेला कापूस, कापणीला आलेली तूर आणि हरभरा. कुणी ओळखीचा भेटला तर हरभऱ्याचा डहाळा हातात देतो. आम्ही एका हातानं हँडल धरून दुसऱ्या हातानं घाटे सोलत चालतो. आणि डॉक्टरांसाठी म्हणून धरणाकडचा रस्ता. पावसाळ्यानंतर पाणी पार रस्त्याच्या कडेपर्यंत पसरतं, बुडालेल्या बाभळींच्या बुंध्यांवर बारक्या लाटा आपटतात, वाऱ्याला ओला वास येतो. तिथं डॉक्टर सायकल थांबवून डोळे मिटतात. आम्ही त्यांना मिटू देतो.

या रस्त्यांनी मला जितकं सुख दिलं तितकं दुसऱ्या कशानं दिलं नाही. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. मी सांगणाऱ्यातला नाही.

वालूरचा रस्ता मात्र मी कधीच दिला नाही. शेठनं दोन-चारदा विचारलं. सावलीचा रस्ता, सपाट, जुनी बारव बघून येऊ म्हणाले. मी म्हणायचो, खडी उघडी पडली, टायर फाटतील. खडीबिडी काही नव्हती. वालूर माझी सासुरवाडी.

याची हसण्यासारखी कारणं पुष्कळ आहेत. आमच्याकडं जावई इस्त्रीचा शर्ट घालून, आधी निरोप देऊन येतो. तो मांडीला चिकटलेली काळी चड्डी आणि पोपटी बनियन घालून वेशीतून येत नाही. आणि जावई आला की घर उलटंपालटं होतं. मेहुणा शेतातली कामं टाकून धावतो, शेजारची गादी येते, आपल्याला एका जागी बसवतात आणि सगळे उभे राहतात. त्या बसण्याचा मला धाक होता.

पण खरं कारण हे नव्हतं. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. त्यानंतर सासरे गप्प झाले, त्यांची नजरही कमी होत गेली. मी मुळात कमी बोलणारा. त्या गप्प माणसासमोर बसून काय बोलायचं हे मला सुचेना. कामाचे दिवस कामात जायचे, उरला रविवार, आणि तो मला सोडवेना. फोनवर 'येतो, येतो' म्हणायचो आणि रविवारी धरणावर जाऊन मजेत बसायचो.

माझ्या न येण्याचा तिकडं काय अर्थ लागत असेल, हे माझ्या मनातही आलं नाही. आलं ते यंदाच्या दिवाळीनंतर. बायको एकटीच माहेरी जाऊन आली होती. मेथी निवडत बसली होती, मधेच म्हणाली,

"आईच्या तेराव्याला तुमची टोपी राहिली होती का?"

"कुठली टोपी?"

तिनं हातातली जुडी खाली ठेवली. "बघा. तुमच्या ध्यानातबी न्हाई. अन् तिकडं अण्णा दोन वर्षं भावाला खायलेत. तू मान चुकवला, जावई तुटला म्हणून. बापलेक एका जागी जेवायला बसंनात."

तेव्हा आठवलं. तेराव्याला सगळ्या पाहुण्यांना टॉवेल-टोपी दिली गेली. वाटप मेहुण्याकडं होतं. जावयाचा मान पहिला, पण मी त्या वेळी मागच्या बाजूला पंगतीच्या पाण्याचं बघत होतो. माझं राहून गेलं. मला त्याचं काही वाटलं नव्हतं, खरं तर कळलंच नव्हतं. आणि नंतर मी फिरकलो नाही, म्हणजे जावई रुसला. आमच्याकडं याचा दुसरा अर्थ निघतच नाही.

"फोन करून सांगतो मी," मी म्हणालो.

"फोनवर काय सांगताल? फोनवर तुमी दोन वर्षं येतो येतोच म्हणायलाय."

इस्त्रीचा शर्ट घालून, मोटारसायकलवर, निरोप देऊन जाता आलं असतं. पण मग जेवणावळ झाली असती, राहिलेली टोपी डोक्यावर आली असती, आणि रुसवा होता तो निघाला, असंच कायमचं ठरलं असतं. मेहुण्याची चूक त्याच्या कपाळावर पक्की झाली असती. जायचं तर बिनमानाचं जायला पाहिजे होतं. पुढच्या रविवारी चौकात मी म्हणालो, आज वालूर.

"खडी?" शेठ म्हणाले.

"खडी नव्हती कधीच."

शेठनं डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टर म्हणाले, "चला, बारव तर बघू."

रस्ता खरंच सावलीचा निघाला. दोन वर्षं ज्याच्या नावानं खोटं बोललो तो रस्ता इतका चांगला असावा, याची मला लाज वाटली आणि मजाही वाटली. गावात शिरताच शेठ आणि डॉक्टर चहाच्या टपरीवर थांबले. मी एकटा पुढं गेलो.

सासरे ओट्यापुढं बाजेवर उन्हाला बसले होते. मेहुण्याची बायको अंगण झाडत होती. तिनं मला बघितलं, चड्डीकडं बघितलं, डोक्यावर पदर ओढला आणि झाडू तिथंच टाकून आत पळाली.

"कोण हाय?" सासरे म्हणाले.

"मी, मामा." नाव सांगायची गरज पडली नाही. आवाजावरनं त्यांनी ओळखलं आणि उठायची धडपड करायला लागले.

"जावईबापू? असं बिननिरोपाचं? अरे, गादी आणा रे! पाणी आणा!"

"काही नको. मी बाजेवरच बसतो." मी बसलो. त्यांचा हात चाचपत माझ्या गुडघ्यावर आला आणि तिथंच थबकला.

"हे काय नेसलंत?"

"सायकलची चड्डी हाय."

"बाई बाई," ते म्हणाले. आतून कुणीतरी फिसकन हसलं.

मेहुणा गोठ्यातून आला. हातातली पेंड झटकत लांबच उभा राहिला. "दाजी, गाडी बिघडली का?"

"न्हाई. तू इकडं ये. तुझ्यासमोरच बोलायचंय."

मग मी बोललो. आयुष्यात एका दमात इतकं कधी बोललो नसेन. तेराव्याच्या टोपीचं मला माहीतसुद्धा नव्हतं, कुणी मान चुकवला असं माझ्या मनाला शिवलं नाही, हे सांगितलं. सासरे ऐकत होते. मान हलवत होते, पण मोठेपणानं बोलणाऱ्या पाहुण्यापुढं हलवतात तशी.

"तुमी चांगले, म्हणून झाकायलात," ते म्हणाले. "नाराज नव्हते तर मग आले कामून न्हाईत?"

इथं मला थांबता आलं असतं. काम होतं, तब्येत बरी नव्हती, रस्ता खराब होता. पण असलं काही सांगितलं असतं तर टोपीच खरी ठरली असती.

"तुमच्यापुढं बसून काय बोलावं ते मला समजत नव्हतं, मामा. मामी गेल्यावर तर न्हाईच. अन् रविवारी मी सायकलवर फिरायचो. देवगाव फाटा, धरण, पेडगाव. तिकडं मला लय बरं वाटायचं. तुमची आठवण यायची, तरी मी वळसा घालून जायचो. दोन वर्षं तेच केलं. तुमच्या पोराचा याच्यात काही दोष नाही."

मेहुणा जमिनीकडं बघत होता. सासऱ्यांचा हात अजून माझ्या गुडघ्यावरच होता आणि तो त्यांनी काढला नाही.

"म्हंजी, चैन करायलते," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"बोलायचं म्हणून कुणी सांगितलं होतं? बसायचं निस्तं. मी तरी कुठं बोलायलोय?" मग त्यांनी मेहुण्याच्या दिशेनं तोंड केलं. "ऐकलंस का रे? टोपीचं न्हाई म्हणं."

"दोन वर्षं मी तेच सांगायलोय अण्णा."

"तुझ्यावर कोण इस्वास ठेवतंय," ते म्हणाले, पण बाजेवर थोडं सरकले. "ये. बस हितं. चहा सांग तिघांचा, बराबरच घेऊ."

मेहुणा बाजेच्या पायथ्याशी टेकला. चहा आला, गूळ जास्तीचा. बोलणं फारसं झालंच नाही. तूर कुठवर आली, म्हैस किती देते, एवढंच. उन्हात बसायला बरं वाटत होतं. मला धाक वाटायचा तो याच बसण्याचा. त्यात भ्यायचं काय होतं, ते आता सांगता येत नाही.

निघालो तेव्हा शेठ आणि डॉक्टर मला शोधत दारापर्यंत आले होते. सासरे मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवून रस्त्यापर्यंत आले.

"दाजी, येत जा रविवारी," मेहुणा म्हणाला. "पण फुलपँटीवर या. गल्लीतल्या बाया घरात पळायलेत."

"येऊ दे त्यांना तसंच," सासरे म्हणाले. "मला कुठं दिसायलंय?"