देवळाचा इतिहास आत्याने लिहिला

सखूआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी मोखाड्यात, कचेरीत होतो. बाजाराचा दिवस, त्यामुळे जीप भरेपर्यंत हलली नाही. साखरशेतच्या पुढे आमच्या पाड्यावर पोचलो तर आत्या अंगणात ठेवलेली, आणि तिच्या उशाशी उभे राहून देऊळ समितीचे अध्यक्ष बोलत होते, "बाई अडाणी, पण देवीवर श्रद्धा फार." तिच्या देखत भांडण नको वाटलं. त्याला आता दीड महिना झाला. अध्यक्षांचं नाव मी इथे लिहिणार नाही. आपलं नाव छापून आलेलं बघायची त्यांना फार हौस आहे, ती माझ्या हातून पुरी व्हायची नाही.

अडाणी म्हणे! आत्याने उभा जन्म अंगणवाडी चालवली. पोरं घरी गेली की ती पाड्यापाड्यावरच्या म्हाताऱ्यांकडे जाऊन बसायची. त्यांच्याबरोबर नाचणी पाखडता पाखडता विचारायची, देवी आपल्याकडे आली कधी, पहिलं छप्पर कोणी घातलं, आगीत ते जळलं तेव्हा देवीला कोणाच्या घरात ठेवली... घरी आली की सगळं वहीत उतरवायची. आमच्या गावदेवीच्या देवळाचा दुसरा लेखी कागद कुठेही नाही. त्या म्हाताऱ्या एकेक करत गेल्या. उरली ती वही.

जीर्णोद्धार निघाला तेव्हा अध्यक्ष घरी आले. ठाण्यात वाढलेला माणूस, निवृत्त होऊन गावी आलेला. "मावशी, वही द्या, छापून आणतो," म्हणाले. आत्याने पुसून, पिशवीत घालून दिली. स्मरणिका आली ती 'लेखक व संशोधक' म्हणून अध्यक्षांच्या फोटोसकट. आत्याचं नाव शेवटच्या पानावरसुद्धा नाही. वही मागायला मी तीनदा गेलो. तिसऱ्यांदा म्हणाले, "कसली वही?" घरी येऊन आत्याला सांगितलं. त्या दिवशी ती जेवली नाही. ते मी विसरलेलो नाही.

मग देवळात काळ्या दगडाची पाटी बसली. आत्याला हाताला धरून नेलं. तिने बोट फिरवत वाचलं, 'देवीची शिळा दाभोशाच्या नदीतून या ठिकाणी आणणारे आमचे पणजोबा कै. हौशा व त्यांचे बंधू कै. लहान्या यांच्या पुण्यस्मरणार्थ.' खाली अध्यक्षांचं नाव. आत्या तिथेच खांबाला टेकून बसली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

"बैल व्हते रं ते! माझ्या आजाचे बैल!"

वहीत तिने लिहिलं होतं की शिळा हौशा-लहान्याने ओढून आणली. ते बैल होते हे लिहायचं तिला सुचलंच नाही. आमच्याकडे बैलाचं नाव माणसासारखंच घेतात आणि हे दोघे कोण ते सगळ्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. अध्यक्षांना आपल्या पणजोबांचं नाव माहीत नव्हतं, त्यांनी ही दोन उचलली. स्मरणिकेत तर पुढे असंही आहे की चढावर कै. हौशा रुसून बसले आणि ग्रामस्थांनी पाठीवरून हात फिरवल्यावर उठले.

मी लगेच गावाला सांगायला निघालो होतो. आत्याने मनगट धरलं. "आता नको सांगू. आता सांगलास त दगड बदलतील. मी मेल्यावर सांग. तवर हार घालू दे त्यांना."

घालताहेत. दर वर्धापनदिनाला अध्यक्ष सहकुटुंब येतात, पाटीला हार घालतात, नातवंडांना वाकायला लावतात. आत्या ओट्यावरून बघायची आणि पदर तोंडात धरायची. तिच्या मनात क्षमा होती असं कोणी म्हणू नये. नव्हती. माझ्याही मनात नाही. आत्याची आठवण आली की राग येतो आणि राग आला की तीच आठवते...

आता अध्यक्षांनी काय ते ठरवावं. वही आत्याची, आपण ती उतरवली, न कळता उतरवली, हे देवळात उभं राहून कबूल करावं. ते जमत नसेल तर खुशाल माझ्या पणजोबांच्या गोठ्यात आपले पणजोबा शोधावेत.