सत्कृत्याची गाठ

आमच्या शेजारच्या बाई शाळेतल्या गाइड पथकाच्या कॅप्टन आहेत. रोज सकाळी त्या गळ्यातल्या स्कार्फच्या टोकाला गाठ मारतात. एखादं सत्कृत्य घडलं की ती सोडायची, तोवर जेवायचं नाही. दुपार टळून गाठ तशीच दिसली, की गल्लीतले म्हातारे आतून कडी लावून घेतात.

काल मी बुलढाण्याच्या पाचच्या एसटीसाठी धावत होतो. बाईंनी आडवं येऊन माझी बॅगच हिसकावली.

"गावाहून आले का भाऊ? द्या मले!"

"आलो नाही बाई, जातोय! गाडी लागलीय!"

"लाजता काऊन?" म्हणत त्या माझ्या घराकडे निघाल्यासुद्धा. एसटी मागून निघून गेली.

दारात बॅग ठेवून त्यांनी गाठ सोडली आणि आशेनं माझ्याकडे पाहिलं. सकाळपासून उपाशी बाई. मी आभार मानले.