धाकटी राणी

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. वाशीला नव्या ब्लॉकमध्ये राहायला येऊन आम्हाला दोनेक वर्षं झाली होती. सोसायटीतल्या आम्ही पाचसहा बायकांनी नाटक बसवायला घेतलं. तळमजल्यावरच्या, कॉलेजात शिकवणाऱ्या बाईंनी ते लिहिलं होतं.

मूळ गोष्ट फार जुनी, इराणातली. एका राजाच्या खांद्यांतून दोन साप उगवतात. त्यांना रोज तरुण मुलांचा मेंदू खायला लागतो. त्याने पळवून आणलेल्या दोन बहिणी वर्षानुवर्षं त्याच्याच महालात राहतात. शेवटी एक वीर राजाला बांधून नेतो आणि बहिणी वीराच्या घरी जातात. बाई म्हणाल्या, “त्या दोघींना कुणी काही विचारलंच नाही. आपण विचारू.”

मी थोरली झाले. धाकटी झाली माझ्या शेजारची, रत्नागिरीकडची नवी सून. तिचा नवरा जवळच पावणे गावात एका कारखान्यात सुपरवायझर होता. मऊ बोलणारा, जिन्यात भेटला की बाजूला होऊन वाट देणारा.

तालमी दुपारी माझ्याकडे व्हायच्या. वीर विचारायचा, “पळून का नाही गेलात?” त्यावर धाकटीचं एवढंच वाक्य होतं, “दारं बंद होती.” एका दुपारी ते सोडून ती भलतंच बोलली.

“दारं उघडीच असायची. त्याची पावलं वाजली की मी आधी साप बघायचे. डावा जागा असला तर बोलायचं नाही. उजवा जागा असला तर हसायचं. दोन्ही झोपलेले असले की तो फार चांगला माणूस असायचा.”

बाईंनी हळूच विचारलं, “हे कुठलं गं?”

“असंच सुचलं,” म्हणत ती चहा टाकायला उठली.

बाईंनी ते तसंच ठेवलं. प्रयोगाला तिचा नवरा पहिल्या रांगेत होता. सगळ्यांबरोबर त्यानेही टाळ्या वाजवल्या. नंतर माझ्याजवळ येऊन हसत म्हणाला, “छान झालं हो वहिनी. हिला एवढं पाठांतर जमतं, मला ठाऊकच नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर तिने माझी बेल वाजवली. हातात एकच पिशवी.

“ताई, हायवेपर्यंत येता?”

एस.टी.ची वाट बघताना मी म्हटलं, “भावाला बोलावून घ्यायचंस.”

“नाटकात तो वीर येतो ना, ते मला कधी पटलंच नाही,” ती म्हणाली. गाडीत चढल्यावर तिने मागे वळून पाहिलं नाही.

ती परत आली नाही. गावच्या बालवाडीत शिकवायला लागली, असं पुढे कळलं. ऐकून मला बरं वाटलं.

तो मात्र आणखी वर्षभर शेजारी राहिला. एकटाच. संध्याकाळी भिंतीपलीकडून त्याचा आवाज यायचा, तसाच मऊ, कुणाशी तरी बोलल्यासारखा. मध्येच थांबायचा, उत्तराची वाट बघितल्यासारखा. मग पुन्हा बोलू लागायचा. मुलं विचारायची, “आई, काकू आल्या का गं?” मी रेडिओ मोठा करायचे.