पाटावरचं पिस्तूल

माझ्याकडे एक पिस्तूल होतं. हे वाक्य मी इथल्या मराठी मंडळात कुणासमोर म्हटलं की त्यांना आधी हसू येतं, मग ते मला नीट न्याहाळतात. अठ्ठावन्न वर्षांची बाई, डोळ्यांवर चष्मा, गुडघ्याला पट्टा, गणपतीत उकडीच्या मोदकांची जबाबदारी दरवर्षी हिच्याकडे, आणि हिच्याच घरी पिस्तूल. कोल्हापूरच्या माणसाला मात्र फारसं नवल वाटत नाही. आमच्या कॉलेजात एनसीसीच्या मुलींना रायफल चालवायला शिकवत. वडिलांनी परवानगी देताना एकच अट घातली होती, दिवेलागणीच्या आत घरी यायचं. मी राज्यपातळीपर्यंत गेले. मग लग्न झालं, नवऱ्याला हॅमिल्टनच्या स्टीलच्या कारखान्यात नोकरी लागली आणि रायफल कोल्हापुरातच राहिली.

पुढची वीस वर्षं मी तिचं नावही काढलं नाही. मुलगी शिकायला मॉन्ट्रियलला गेली, घरात दोन माणसं आणि चार बेडरूम उरल्या, तेव्हा एका सकाळी मी बंदूक हाताळण्याच्या कोर्सला नाव घातलं. परीक्षा दिली, लायसन्सचा अर्ज भरला. इथे त्या अर्जावर नवऱ्याचीही सही घेतात. सही करताना ह्यांनी विचारलं, "माझ्यावर चालवणार नाहीस ना?" मी म्हटलं, "आधी सही तर करा, मग बघू."

पिस्तूल मिळालं ते नेमबाजीच्या रेंजवर माझ्या शेजारी उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्याकडून. जन्मभर भट्टीवर काम केलेला माणूस, पंजा केवढा तरी मोठा. नजर अधू झाली म्हणून त्याने रीतसर कागदपत्रं करून ते मला विकलं. पॉइंट टू टूचं, नेमबाजीच्या स्पर्धेचं पिस्तूल, अक्रोडाच्या लाकडाची मूठ. ती मूठ त्याच्या हाताची होती, माझ्या हातात ती डगडगायची. एक पूर्ण विंटर मी बेसमेंटमध्ये बसून ती कानशीने घासली. जिथे जास्त घासली गेली तिथे पुट्टी भरली, पुन्हा घासली. मार्चपर्यंत ती अशी बसली की डोळे मिटून धरलं तरी प्रत्येक बोट आपापल्या जागी जायचं. जगात दुसऱ्या कुणाच्या हाताला ती मूठ नीट बसली नसती.

दर शनिवारी सकाळी मी रेंजवर जायचे. पिस्तुलाला ट्रिगर लॉक, लॉक लावलेलं पिस्तूल कुलूपबंद पेटीत, पेटी डिकीत, आणि गाडी घरातून थेट रेंजवर. वाटेत दुधाला थांबायचं नाही, मैत्रिणीकडे डोकवायचं नाही. मला हे नियम आवडायचे. माझ्यावर इतक्या गंभीरपणे विश्वास टाकलेली ती एकच गोष्ट होती. बाकी ऑफिसात चाळिशीतल्या पोरांनी मला दर वर्षी नवीन सॉफ्टवेअर शिकवायचं, मंडळात मला मोदकांपलीकडे काही विचारायचं नाही, मुलीने फोनवर "ओके आई, गॉट टू गो" म्हणायचं. रेंजवर श्वास अर्धा सोडायचा, धरायचा आणि हात हलू द्यायचा नाही, एवढंच काम. ते मला येत होतं.

काही वर्षांपूर्वी सरकारने पिस्तुलांचे व्यवहार गोठवले. आहे त्यांनी ठेवावं, पण विकता येणार नाही, कुणाला देता येणार नाही, पोटच्या मुलीलाही नाही, आणि साध्या माणसाला नवीन घेता येणार नाही. रेंजवर लोक खूप तणतणले. मी तणतणले नाही. गोळीबाराच्या बातम्या मीही बघते, ज्या घरातलं मूल गेलं त्या घरापुढे माझ्या शनिवारची काय मातबरी. पण घरी येऊन सेफ उघडला आणि कळलं की हे आता शेवटचं. एकदा हातातून गेलं की गेलं. तेव्हापासून मी लायसन्सची तारीख फ्रिजवर लिहून ठेवायला लागले.

त्यामुळे गेल्या वर्षी जे झालं ते हलगर्जीपणाने झालं असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. लायसन्स दर पाच वर्षांनी नवीन करावं लागतं. मुदत मार्चमध्ये संपणार होती आणि मी जानेवारीत अर्ज केला, फीसाठी क्रेडिट कार्डाचा नंबर दिला. त्याच आठवड्यात माझ्या बहिणीने कोल्हापूरहून कांदा-लसूण मसाल्याचं पार्सल पाठवलं होतं. मी त्याची वाट बघत होते. इथल्या कुठल्याही दुकानातला मसाला आणून रस्सा केला की ह्यांचं तोंड वाकडं होतं, माझंही होतं. फोनवर मेसेज आला, तुमचं पार्सल कस्टम्समध्ये अडकलं आहे, थोडी ड्यूटी भरा. मी त्याच कार्डाने भरली. दुसऱ्याच कुठल्या पार्सलचा असता तर मी त्या मेसेजकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पण मला नाकाशी मसाल्याचा वास येत होता.

दोन दिवसांत माझ्या कार्डावर मॉन्ट्रियलच्या कुठल्याशा दुकानातून कुणीतरी बुटांचे जोड घेतले आणि कुणीतरी गाडीत पेट्रोल भरलं. बँकेतली मुलगी फोनवर फार गोड बोलली. जुनं कार्ड बंद केलं, नवीन पाठवलं, गेलेले पैसेही आठवड्यात परत आले. माझी मुलगी मात्र गोड बोलली नाही. "आई, नेव्हर क्लिक ऑन एनीथिंग. एनीथिंग. कुणी पैसे मागितले तर जस्ट डिलीट इट." त्यात ह्यांनी भर घातली की एवढी शिकलेली बाई मसाल्याला फसली. मला इतकी लाज वाटली की मी मंडळात कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर पैशाचा शब्द असलेला एकही ईमेल मी उघडला नाही. दिसला की उडवला, आणि उडवताना अंगावर मूठभर मांस चढायचं.

फेब्रुवारीत माझा उजवा खांदा धरला. फ्रोझन शोल्डर. हात खांद्याच्या वर जाईना, ब्लाऊजचं बटण लागेना. फिजिओथेरपीवाली म्हणाली, सहा-आठ महिने लागतील. रेंज बंद झाली. लायसन्सचं नवीन कार्ड आलं नाही, पण ते उशिरा येतं, रेंजवरचे सगळेच बोंबलत असतात, म्हणून मी घोर लावून घेतला नाही. शूट करत नाही तर घाई कसली, असंही वाटलं. मी भिंतीवर बोटं चालवत हात इंच इंच वर न्यायचे आणि मनात म्हणायचे, दसरा. दसऱ्यापर्यंत हात वर गेला पाहिजे.

हात गेला. नवरात्र लागायच्या आधीच्या आठवड्यात मी रिकामा हात समोर ताणून पूर्ण मिनिटभर धरला आणि तो थरथरला नाही. स्वयंपाकघरात उभी राहून मी रडले. ह्यांना सांगितलं की कांदा चिरत होते.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं पूजतात. माहेरी विळी, कोयता, वडिलांचा पाना-पक्कड, आईचं शिलाई मशीन असायचं. इथे पाटावर ह्यांचा लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, स्वयंपाकाची सुरी, पाटाला टेकवून बर्फ काढायचं शोव्हल. पिस्तूल मी कधीच मांडत नसे, ते सेफमध्येच राहायचं. पण या वर्षी मला ते मांडायचंच होतं. आठ महिन्यांनी हात परत मिळाला होता. ट्रिगर लॉक लावलं, गोळ्या खाली बेसमेंटमध्येच कुलपात होत्या, आणि पिस्तूल मधोमध ठेवलं. लोखंडाला कुंकू लागू नये म्हणून फक्त मुठीला बोट लावलं. झेंडू मिळाला नाही, ग्रोसरीतल्या शेवंतीच्या कुंडीतली फुलं खुडून वाहिली. छान दिसत होतं. फोटो काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, आमची शस्त्रपूजा.

संध्याकाळी हे म्हणाले, "ते आता आत ठेव."

"पूजलेलं उचलायचं नसतं," मी म्हटलं. "उद्या दसऱ्याला उत्तरपूजा झाली की उचलीन."

"नियम काय आहे?"

"लॉक लावलंय ना. घरात तिसरं माणूस तरी आहे का?"

नियम मला पाठ होता. लॉकही हवं आणि कुलूपबंद पेटीही हवी. इतक्या वर्षांत मी एकदाही तो मोडला नव्हता. पण आईने खंडेनवमीची विळी कधी उचललेली मी पाहिली नाही, त्या दिवशी ती जिच्याकडे ही पूजा नसायची त्या शेजारणीकडून भाजी चिरून आणायची. तेवढ्यासाठी मी एक रात्र पिस्तूल शेवंतीच्या फुलांत तसंच ठेवलं.

दसऱ्याच्या सकाळी दहाच्या सुमाराला दोन पोलीस आले. एक तरुण, एक माझ्या वयाची बाई. ग्रुपवरच्या कुणीतरी फोटो बघून त्यांना कळवलं होतं. कोण ते मला आजही माहीत नाही. ग्रुपवर दोनशे माणसं आहेत, आता मंडळात गेलं की मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघते. कळवणाऱ्याच्या घरात लहान मूल असेल, तो खरंच घाबरला असेल, हे मला समजतं. समजूनही मी त्याला शिव्या देते.

पोलीस नम्र होते. दारात बूट काढू का असंही त्यांनी विचारलं. तरुणाने पाटाकडे बघितलं, मला दोन पावलं मागे उभं राहायला सांगितलं आणि मुठीवरचं लाल काय आहे ते विचारलं. मी म्हटलं, कुंकू. त्याने ते वहीत कसं लिहिलं असेल कोण जाणे. त्या बाईने लायसन्स मागितलं. मी जुनं कार्ड दिलं आणि सांगितलं की नवीन यायचंय, जानेवारीत अर्ज केलाय. ती गाडीत जाऊन आली तेव्हा तिचा चेहरा बदलला होता.

"मॅम, देअर इज नो रिन्यूअल," ती म्हणाली. "तुमची फी कधी भरलीच गेली नाही. त्यांनी तुम्हाला बऱ्याचदा ईमेल केलेत."

मी तिच्यासमोरच लॅपटॉप पाटावरून उचलला. पूजलेला उचलू नये हे तेव्हा आठवलंसुद्धा नाही. डिलीट केलेल्यांत काही सापडलं नाही, ते कधीच पुसलं गेलं होतं. पण मला आठवलं. पेमेंट डिक्लाइन्ड, कृपया नवीन कार्डाची माहिती द्या. असे दोन-तीन ईमेल मी उडवले होते. एक तर ह्यांना दाखवून उडवला होता, बघा, आता कसं ओळखते मी. मार्चनंतर वर सहा महिन्यांची सवलत होती, तीही सप्टेंबरात संपली होती. म्हणजे मी भिंतीवर बोटं चालवत होते तेव्हा हे सगळं हळूहळू हातचं जात होतं आणि मला पत्ता नव्हता.

तरुणाने हातमोजे घातले. मी म्हटलं, पाच मिनिटं द्या, मला उत्तरपूजा करायची आहे. हे इंग्रजीत कसं सांगावं ते मला सुचेना. त्या बाईने हळू आवाजात सॉरी म्हटलं. त्याने पिस्तूल उचललं तेव्हा एक शेवंती मुठीला चिकटून वर आली आणि मग खाली पडली.

मुलीला फोन केला. "आई, यू लेफ्ट अ गन ऑन द फ्लोअर ओव्हरनाइट?" असं तिने दोनदा विचारलं. मग म्हणाली, "मीच तुला डिलीट करायला सांगितलं होतं." मी म्हटलं, तुझा काही दोष नाही. ह्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. त्यांनी पाटावरची बाकीची वस्तू न वस्तू जागच्या जागी ठेवली आणि शोव्हल गॅरेजात नेऊन टांगलं. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

वकिलाने सगळं स्पष्ट सांगितलं. कोर्टकचेरी टळेल, पण पिस्तुलावरचा हक्क सोडल्याची सही द्यावी लागेल. लायसन्स पुढेमागे नवीन काढता येईल. पिस्तूल परत माझ्या नावावर होणार नाही, कारण माझी जुनी नोंदणी लायसन्सबरोबर गेली आणि नवीन नोंदणी आता कुणाचीच होत नाही. मी विचारलं, त्याचं काय करतील? तो म्हणाला, वितळवतील. मी विचारलं, मूठ तरी मिळेल का, ती नुसतं लाकूड आहे. त्याने विचारून बघतो म्हटलं. आठवड्याने कळवलं की नाही मिळणार.

सही करायला मला नोव्हेंबरात बोलावलं. खिडकीतल्या माणसाने फॉर्म पुढे सरकवला आणि कुठे सही करायची तिथे फुली मारून दिली. मी उजव्या हातात पेन घेतलं. मला भीती होती की हात कापेल, त्या माणसाला दिसेल आणि तो पाण्याचा ग्लास वगैरे आणेल. श्वास अर्धा सोडला आणि धरला. पूर्ण नाव लिहिलं, शेवटच्या अक्षरापर्यंत. हात जराही हलला नाही.